शहाण्या घोडीला औषध

नालमामांना ओळखीची माणसं चेहऱ्याआधी बुटांवरून ओळखू येत. त्यात नवल काही नाही. ज्याची सगळी उमर घोड्याचा पाय मांडीत धरून वाकण्यात गेली, त्याला जग गुडघ्यापर्यंतच दिसतं. कोणी येऊन काही विचारलं तर मामा मान वर न करता उत्तर देत, आणि लोकांना वाटे म्हातारा शिष्ट आहे. शिष्टपणा वगैरे काही नव्हता. मान वर करायची तर आधी कंबर सरळ करावी लागते, आणि एकदा सरळ केलेली कंबर पुन्हा वाकवताना काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक.

धंद्याने ते नालबंद. मामा ते कोणाचेच नव्हते, कारण त्यांना बहीणच नव्हती. पण कोणीतरी एकदा हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. मालकमंडळी मामा म्हणत, मालकांची पोरं मामा म्हणत, आणि मामांपेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला पागेतला घोडी सांभाळणारा मोतद्दारही मामाच म्हणे. जुन्या गाडीत मागे ऐरण, गॅसची छोटी भट्टी, नालांच्या पेट्या आणि हत्यारं भरायची आणि या पागेतून त्या पागेत हिंडायचं, असा त्यांचा संसार. खरा संसार घरी होता. तिथे बायको शिवणयंत्रावर बसलेली असे आणि त्यांच्या पँटींना गुडघ्यावर ठिगळं लावून लावून वैतागलेली असे.

मामांचं नाव झालं होतं ते एका गोष्टीसाठी. बिथरलेली घोडी त्यांच्या हाताखाली शांत होत. काही घोड्यांना खुराला हात लावलेला अजिबात खपत नाही. कोणी नाचतं, कोणी भिंतीवर रेलून माणसाला चेपतं, कोणी सरळ लाथ घालतं. इतर नालबंद अशा घोड्याला दोरखंड बांधत, ओठाला फास लावत, नाहीतर डॉक्टरला बोलावून गुंगीचं औषध द्यायला लावत. औषध साधंच असतं. जिभेखाली लावायची पेस्ट. ती लावून घोड्याला जरा वेळ एकटं सोडलं की मान खाली जाते, खालचा ओठ सैल पडतो, आणि एरवी आकाशपाताळ एक करणारं जनावर पेंगत उभं राहतं. वाईट त्यात काही नाही. घोडाही वाचतो, माणूसही वाचतो. पण मामा नाक मुरडत. म्हणायचे, घोड्याने पाय द्यायचा असतो, आपण घ्यायचा नसतो. आणि घोडा त्यांना पाय देई. ते खांद्याशी जाऊन उभे राहत, तळवा टेकवत, घोड्याचा श्वास लांब होईपर्यंत गप्प राहत, मग तो तळवा सावकाश खाली सरकवत खुरापर्यंत नेत. बस्स. बघणाऱ्याला वाटे यात काय मोठंसं. मग बघणारा स्वतः करायला जाई आणि भिंतीवर आपटे.

गेल्या वर्षी भिंतीवर आपटले ते मामा.

आणि लाथ मारली ती एका गरीब गाय म्हणावी अशा घोड्याने. मागून वाऱ्याने ताडपत्रीचा फडका उडाला, घोडा दचकला, पाय सुटला. घोड्याच्या मनात काही नव्हतं. लाथ मारून झाल्यावर तो स्वतःच कान पाडून बघत राहिला, असं नंतर मोतद्दाराने सांगितलं. मामांना ते दिसलं नाही, ते भिंतीखाली होते. दोन बरगड्या गेल्या. बरगड्या जुळतात, त्याही जुळल्या, आणि मामा पुन्हा पेटी घेऊन पागेत उभे राहिले तेव्हा सगळ्यांनी पाठ थोपटली. हाडाचा माणूस आहे, म्हणाले. खुर्चीत बसून राहणाऱ्यातला नाही, म्हणाले. मामांनी सगळ्यांना हसून दाखवलं आणि पहिल्या घोड्याच्या खांद्याशी जाऊन तळवा टेकवला.

तळव्याला घाम फुटला होता.

वयाने असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. आजारपणाने अशक्तपणा आला असेल. पण तोच हात घरी मात्र पक्का असे. बायकोची नजर कमी झाल्यापासून तिच्या मशीनच्या सुईत दोरा ओवायचं काम मामांकडे होतं, आणि ते एका फटक्यात ओवत. दिव्याकडे वळायचीही गरज नसे. पागेचं फाटक आलं की मात्र गाडीचा वेग आपोआप कमी व्हायचा. घोड्याच्या मागच्या बाजूला जायचं झालं की ते उगाच हत्यारं पुसत राहायचे. ते हे कोणाला बोलले नाहीत. बोलायचं तरी काय? आचाऱ्याने चुलीची भीती वाटते म्हणून सांगायचं का?

घोडे मात्र बोलू लागले. घोड्याला माणसाच्या अंगाचा वास कळतो, हाताचा ताण कळतो. जो हात वर्षानुवर्षं सांगत होता की काही नाही रे, सगळं ठीक आहे, तोच हात आता सांगू लागला की काहीतरी आहे. एक घोडा पाय देईना झाला. मग दुसरा. एकीने दोर तोडला. मामा म्हणाले, आजकालची घोडी लाडावलेली आहेत. खाऊन खाऊन माजलेली आहेत, दिवसभर खोलीत कोंडून ठेवल्यावर दुसरं काय होणार. हे सगळं थोडंथोडं खरंही होतं, त्यामुळे लोकांना पटलं. आणि एक दिवस मामांनी स्वतःच्या तोंडाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं की या घोड्याला जिभेखालचं लावून द्या, म्हणजे काम होईल.

त्या दिवशी काम झालं. घोडा पेंगत उभा होता, मामांचा हातही बराच स्थिरावला. किती दिवसांनी ते घरी येऊन पोटभर जेवले. मग दुसऱ्या घोड्याला मागितलं, मग तिसऱ्याला. सवय लागायला वेळ लागत नाही. औषध घोड्याला आणि सवय मामांना, असा तो प्रकार होता.

शेवटी गाडं येऊन अडलं ते काजळीपाशी.

काजळी ही त्या सगळ्यांत मोठ्या पागेतली घोडी. अंग करडं आणि तोंड तेवढं काळं, जसं कोणी दिव्यावर धरलं असावं. ती शिंगरू असताना तिच्या खुरावर पहिली कानस मामांनीच चालवली होती. तेव्हा ती मामांच्या टोपीचा कोपरा चघळत उभी राहिली होती. तीच काजळी आता मामांची गाडी आत आली की खोलीच्या मागच्या भिंतीला जाऊन चिकटायची आणि थरथरायची. मागच्या खेपेला नाल न ठोकताच परतावं लागलं. पागेच्या मालकीणबाई तशा भल्या. त्यांनी मामांना चहा दिला, बसवलं, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग सांगितलं की घोड्यांना सारखं सारखं औषध देणं त्यांना बरं वाटत नाही. शहराकडून एक नवा नालबंद येतो म्हणे, लोक चांगलं बोलतात. काजळीला या वेळी सुखरूप नाल बसले तर पागा मामांचीच. नाही बसले तर सगळी घोडी त्याच्याकडे द्यावी लागतील. मामांनी मान डोलावली. ही पागा गेली की बाकीच्याही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि पागा गेल्या की घरी बसायचं. सकाळी उठून कुठे जायचं नाही, म्हणजे नेमकं काय करायचं, हे मामांना खरोखरच माहीत नव्हतं.

त्या सकाळी बायकोने डबा भरून दिला आणि दारातच उभी राहिली. ती एरवी दारापर्यंत येत नसे.

"आज नाही गेलात तर चालणार नाही का?"

"आज गेलंच पाहिजे."

"मग तोंड असं का केलंय? मारायला नेत असल्यासारखं?"

मामा म्हणाले, झोप झाली नाही. ती म्हणाली, वर्ष झालं तुमची झोप होत नाही, मी काय शेजारच्या घरात झोपते का? मामांनी गाडी सुरू केली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण इंजिनाच्या आवाजात बोलण्यासारखं ते नसावं.

पागेत डॉक्टरीणबाई आधीच आलेल्या होत्या. वयाने लहान, पण कामाला चोख बाई. कोणत्या घोड्याला काय, किती आणि कधी दिलं ते त्यांच्या डोक्यात पक्कं असे. मामांना त्या मान देत, आणि मामाही त्यांना मानत. पूर्वी औषधावरून दोघांची थट्टा चाले. आज थट्टा नव्हती. त्या म्हणाल्या की पूर्वी या पागेत एखाद्याच घोड्याला गुंगी लागायची, आता निम्म्या पागेला लागते, तेव्हा एकदा स्वतः उभं राहून बघावं म्हणून आले. घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला हवं, असं त्या सहज बोलून गेल्या आणि मामांनी नालांची पेटी उगाच उघडून मिटली.

पण डॉक्टरीणबाईंनी संशय घेतला तो घोडीवर. त्यांचं म्हणणं असं, की पाय देताना घोडी घाबरते याचा अर्थ कधीकधी कुठेतरी दुखत असतं. सांधा, पाठ, काहीही. औषध दिलं की दुखणं कळणार नाही, म्हणून आधी नीट तपासायचं. तोवर मामांनी बाहेर थांबावं, घोडी मुळात शांत असलेली बरी. मामा खोल्यांच्या भिंतीमागे गेले आणि एका पालथ्या बादलीवर बसले. तिथून काजळी दिसत नव्हती, काजळीलाही ते दिसत नव्हते.

ऐकू मात्र सगळं येत होतं.

आत मोतद्दार आणि डॉक्टरीणबाई होत्या. पुढच्या डाव्या पायाचा खूर जमिनीवरून उचलल्याचा आवाज आला. माती खरवडायची आकडी नालावर टकटक वाजली. खूर खाली ठेवला. मग उजवा. मामांनी श्वास धरला. आता मागचे. मागचा डावा उचलला, डॉक्टरीणबाईंनी तो वाकवून धरला असावा, कारण बराच वेळ खाली आला नाही. काजळीने नाक फुरफुरलं. ते भीतीचं फुरफुरणं नव्हतं. घोडी सुखात असली की नाक साफ करतात, तसलं होतं. मग मागचा उजवा. तोही तसाच अलगद खाली आला. मोतद्दार कसलासा विनोद सांगत होता आणि डॉक्टरीणबाई हसत होत्या.

घोड्यांमध्ये जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. मामा बादलीवर बसून राहिले. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला नाही. नुसता थकवा आला, पायाच्या नखापर्यंतचा, की आता इथून उठूच नये.

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "कुठे काही दुखत नाही मामा. चारही पाय दिले तिने, अगदी शहाण्यासारखे." त्यांनी औषधाच्या पेटीकडे पाहिलं. "औषध द्यायचं?"

इथे बोलता आलं असतं. कोणी दुसरं जवळ नव्हतं, मालकीणबाई आत चहा सांगायला गेल्या होत्या, आणि समोरची बाई ऐकून घेणारी होती. मामांच्या तोंडापर्यंत आलंही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सकाळ आली. कुठेही जायचं नाही अशी सकाळ.

"द्या," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्यांनी हातमोजे चढवले, कारण ते औषध माणसाच्या कातडीतूनही आत जातं, आणि हलका डोस घेऊन आत गेल्या. मोतद्दार म्हणाला, मॅडम, उरलं तर थोडं आमच्या मालकीणबाईंच्या चहात टाका. त्यावर कोणी हसलं नाही तेव्हा तो जाऊन घमेलं आपटू लागला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला दटावलं. औषध लागेपर्यंत आवाज नको, घोडीला डिवचायचं नाही, खायलाही द्यायचं नाही. आधीच बिथरली तर औषध लागतच नाही. माशा तेवढ्या बोलत होत्या.

मामांना बोलावलं तेव्हा काजळीची मान गुडघ्यापर्यंत खाली आली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ लोंबलेला, कान दोन बाजूंना पडलेले. मामांनी चामड्याचं ॲप्रन बांधलं. खांद्याशी जाऊन तळवा टेकवला. घोडीचं अंग गार होतं, तळवा ओला होता.

पुढचा डावा पाय त्यांनी मांडीत घेतला. जुना नाल उचकटला, वाढलेला खूर सुरीने कापला, कानस मारली. ही कामं हात आपोआप करतो. नवा नाल ठेवून पाहिला, ऐरणीवर दोन ठोके मारून रुंद केला, पुन्हा ठेवला. चोख बसला. मालकीणबाई तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. वा मामा, म्हणाल्या, आज कशी गुणाची झाली आहे.

आणि मामांचा हात काही स्थिरावेना. आजवर घोडा पेंगला की हातही थोडा शांत होत असे. आज होईना. आजवर त्यांना स्वतःला सांगता येत होतं की घोडा बिथरट आहे आणि आता तो बिथरणार नाही. आज ते सांगायची सोय राहिली नव्हती. वर आणखी ते कान. सगळी उमर त्यांनी घोड्याचे कान बघत काम केलं होतं. कान मागे गेले की सावध व्हायचं, पुढे आले की ठोकायचं. हे पडलेले कान काहीच सांगत नव्हते, आणि गुंगीतला घोडाही लाथ मारू शकतो, फक्त सूचना देत नाही, हे त्यांना माहीत होतं. पहिला खिळा नीट गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी हातोडा उचलला आणि पलीकडे वाऱ्याने कुठलं तरी दार आपटलं.

घोडी हलली नाही. दचकले ते मामा.

खिळा जाताना बोलतो. टणक खुरातून बाहेरच्या बाजूला निघाला की त्याचा आवाज ठोक्यागणिक बारीक होत जातो. आत वळला, जिवंत भागाकडे गेला, की आवाज बसतो, उशीत ठोकल्यासारखा होतो. जागा घोडा असा खिळा लागल्या क्षणी पाय हिसडतो आणि नालबंदाला कळतं. काजळीची नुसती कातडी थरारली, तीही जरा उशिरा, माशी बसल्यासारखी. तो आवाज मामांनी ऐकला. दुसऱ्या कोणी ऐकला नाही. मोतद्दार घोडीचं डोकं धरून उभा होता, डॉक्टरीणबाई घोडीचा श्वास बघत होत्या, मालकीणबाई समाधानाने उभ्या होत्या.

पुढचं सगळं मामांना एका क्षणात दिसलं. खिळा तसाच ठेवून वर मुरडून टाकायचा. उरलेले तीन पाय करायचे. सगळं सुखरूप झालं, पागा राहिली. परवा काजळी लंगडेल. खडा लागला असेल, म्हणतील. खुरात पू होईल, डॉक्टरीणबाई येतील, नाल काढतील. काढतील तेव्हा काढतील. खिळे कोणाकडूनही लागतात, तेव्हाही काहीतरी बोलता येईल. घोडी तर काही बोलणार नव्हती. तिला बोलताच येऊ नये याची सोय त्यांनीच करून ठेवली होती.

ती त्यांच्या खांद्यावर संथ श्वास सोडत होती.

मामांनी पक्कड घेतली आणि खिळा उपसून काढला. टोकाला रक्त होतं. त्यांनी तो तळहातावर घेऊन डॉक्टरीणबाईंच्या पुढे धरला.

"जिवंत भागाला लागला," ते म्हणाले. "मी दचकलो."

मालकीणबाई काहीतरी बोलू लागल्या, डॉक्टरीणबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं. भोक धुवायला औषध आणवलं, बाकीचे दोन खिळेही काढायला सांगितले. मामांनी काढले. नाल खाली पडला. मामांनी पाय हलकेच जमिनीवर टेकवला आणि मग ते सावकाश सरळ झाले. इतके सरळ, की मोतद्दाराला वाटलं कंबर धरली.

"घोडीला काही झालेलं नाही बाई," ते म्हणाले. "घाबरतो मी. ती लाथ बसल्यापासून. माझा हात लागला की घोड्यांना कळतं, आणि ती बिथरतात."

डॉक्टरीणबाई बोळा धरून भोक धूत होत्या. त्यांचा हात थांबला. "मग इतके दिवस मी ज्यांना ज्यांना औषध दिलं..."

"त्यांतली बहुतेक शहाणी होती."

डॉक्टरीणबाई संतापल्या होत्या हे त्यांच्या कानांच्या लालीवरून दिसत होतं. पण त्या ओरडल्या नाहीत. हे आधी सांगायचं होतंत, एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या. बोल लावायला आपण तयार होऊन उभं राहावं आणि समोरचा आधीच खाली बसलेला असावा, अशी मालकीणबाईंची गत झाली होती. तेव्हा मामाच म्हणाले की त्या नव्या नालबंदाला आजच्या आज बोलवा. एका पायाला नाल नाही अशी घोडी ठेवता येणार नाही, आणि मी आता हात लावणार नाही.

तो दुपारनंतर आला. तोवर काजळीचं औषध उतरलं होतं. तिने मान वर केली होती, गवत मिळत नाही म्हणून दारावर हनुवटी घासून तक्रार करत होती. मामा सगळा वेळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. घरी जा, असं त्यांना कोणी म्हणालं नव्हतं, थांबा असंही नाही. नवा माणूस चाळिशीतला, रुंद खांद्यांचा, कमी बोलणारा निघाला. त्याने मामांना नमस्कार केला. नाव ऐकून होता. कुठल्या खिळ्याने घोटाळा झाला ते त्याने मामांकडूनच समजून घेतलं आणि त्या जागी खिळा ठोकायचा नाही असं ठरवलं. तोंडावर त्याच्या दया नव्हती, हे मामांना फार बरं वाटलं. मग त्याने ॲप्रन बांधलं आणि काजळीकडे पाहिलं. मामा बोलायला पुढे आले तेव्हा त्यांचा वास तिला लागला होता. तिची कातडी खांद्यावर थरथरू लागली होती.

"ही घाबरते आहे," तो म्हणाला. "हिला काही द्यावं लागतं का?"

मोतद्दार खाली बघू लागला.

"काही नको," मामा म्हणाले. "मी गेलो की राहील नीट."

पेटी, ऐरण, सगळं तिथेच होतं. ते नंतर नेता आलं असतं. जाण्याआधी एकदा तिच्या काळ्या तोंडावरून हात फिरवावा असं त्यांना फार वाटलं; पण त्यासाठी जवळ जावं लागलं असतं. वारा अंगणातून खोल्यांकडे वाहत होता. मामांनी वाऱ्याची दिशा पाहिली आणि अंगणातून सरळ न जाता, आपला वास तिच्यापर्यंत पोचू नये म्हणून, कुंपणाच्या पलीकडून लांबचा वळसा घेत ते फाटकापर्यंत चालत गेले.